पहिले बोलणे कोणापाशी?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण प्रत्यक्षात तो ९ नोव्हेंबर १९९५ ला अमलात आला. त्याचे बारावे कलम सावकाश वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. समतेचा हक्क मागायला कोर्टाची पायरी चढणारा जवळपास प्रत्येक माणूस मोफत वकिलाला पात्र आहे. अनुसूचित जातीची किंवा जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, कोणतेही मूल, दिव्यांग, वेठबिगारीत अडकलेला, जातीय अत्याचाराचा बळी, कारखान्यातला कामगार, कोठडीत असलेला, या सगळ्यांना हे कलम सामावून घेते. उत्पन्नाची अट त्यांना लागू नाही. ती अट आहे ती या यादीत न बसणाऱ्या गरिबांसाठी, आणि तिथेही तेराव्या कलमाप्रमाणे उत्पन्नाचे शपथपत्र सामान्यतः पुरेसे धरले जाते. म्हणजे पन्नास एकर संत्र्याची बाग असलेल्या घरातली सूनसुद्धा नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध मोफत वकील मागू शकते, कारण कायदा तिच्या घराची नव्हे, तिची परिस्थिती पाहतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत गोंड वस्त्या आहेत, दलित मोहल्ले आहेत, बोरगावची औद्योगिक वसाहत आहे, शेतमजुरीवर जगणाऱ्या बाया आहेत. बारावे कलम जणू याच भागाकडे बघून लिहिले असावे, असे वाटते. तरीही अपमान गिळून गप्प बसणाऱ्यांची संख्या कमी होत नाही. याचे कारण केवळ पैसा आणि अज्ञान असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे वेगळे आहे. फी माफ झाली तरी बोलण्याचा धोका माफ होत नाही. समतेच्या खटल्यात मोफत वकिलाइतकीच, किंबहुना त्याहून आधी, बंद दाराआड ऐकणाऱ्या वकिलाची गरज असते. आपली व्यवस्था वकील देते, पण वकिलापर्यंत जाणारी वाट मात्र सगळी उघड्यावरून नेते.

या वाटेचा इथला नकाशा आधी पाहू. १९५६ पर्यंत हा मुलूख आधी मध्य प्रांतात आणि मग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाकडे इथली अपिले जात. राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर पलीकडे गेले, हे तालुके ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि उच्च न्यायालय झाले जबलपूरचे. सौंसरहून नागपूरला जाऊन माणूस संध्याकाळी घरी परततो. जबलपूरच्या पेशीसाठी मुक्कामाची पिशवी भरावी लागते. २०२३ च्या ऑक्टोबरात हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हा कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक जवळ आले. सौंसरला आणि पांढुर्ण्याला न्यायालये आहेतच. अंतर कमी झाले ही चांगलीच गोष्ट. पण अंतर कमी होते तेव्हा ओळखीही जवळ येतात. तालुक्याच्या कोर्टात वकील, मुंशी, टायपिस्ट, नोटरी, स्टॅम्प विकणारा, पोलीस ठाण्याचा पैरवी करणारा शिपाई आणि बाहेरचा चहावाला हे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, आणि त्यांतले निम्मे तरी तुमच्या गावच्या पाटलालाही ओळखतात. मुंबईत वकिलाकडे जाणारी बाई गर्दीत हरवून जाते. इथे तिच्या गावची बस कोर्टासमोर थांबली आणि ती उतरली, की कशाला आली असेल याची चर्चा परतीच्या बसआधी गावात पोचलेली असते.

इतर खटल्यांत याने फारसे बिघडत नाही. बांधाच्या भांडणात गावाला सगळे आधीच ठाऊक असते. समतेच्या खटल्याचे तसे नाही, कारण तिथे जी गोष्ट सिद्ध करायची तीच गोष्ट तोंडातून काढणे सर्वांत जड असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे उदाहरण घ्या. १९८९ च्या या कायद्यात जातीवरून अपमान करण्याचे आणि जातिवाचक शिवीगाळीचे जे गुन्हे आहेत, त्यांत तो प्रकार लोकांच्या नजरेसमोर, लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी घडलेला असणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितले: चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे या कलमात बसत नाही. आता वकिलाला काय काय विचारावे लागेल ते पाहा. शिवी नेमकी कोणती दिली? जसा शब्द होता तसा सांगा. जातीचे नाव घेतले का, की नुसते 'तुम्ही लोक' म्हणाला? अंगणात की ओसरीवर? रस्त्यावरून कोण जात होते? विहिरीवर कोण होते, आणि त्यांतला कोण साक्षीला येईल? ज्या शब्दाने माणूस रात्रभर झोपला नाही तो शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने, अक्षरशः, परक्यासमोर उच्चारायचा. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गावचे चार जण कान देऊन बसले असतील तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, 'साहेब, जातीवरून बोलला.' एवढ्यावर अर्ज टाइप होतो. आणि पुढे कोर्ट विचारते की नेमके काय बोलला, कुठे बोलला, कोणी ऐकले, तेव्हा तो तपशील मूळ कागदात नसतो. मग बचाव पक्षाचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवतो, आणि नंतर सांगितलेला खरा तपशील बनावट ठरतो.

पहिल्या कागदात जे आले नाही ते नंतर आणणे किती अवघड असते, हे विदर्भाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. महाराष्ट्रभर ती जातीय अत्याचार म्हणूनच ओळखली गेली. पण २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनाची शिक्षा देताना अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे आरोप सिद्ध मानले नाहीत, आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही त्यामागे जात नव्हे तर सूड पाहिला. या निष्कर्षाशी अनेक जण सहमत नाहीत, मीही नाही. इथे मुद्दा इतकाच की जातीचा हेतू हा घटनेनंतरच्या मोर्च्यांनी सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो तो मागच्या अनेक महिन्यांच्या बारीकसारीक अपमानांच्या नोंदीने: वाट अडवली, पाणी तोडले, विटाळ मानला. त्या नोंदी होण्यासाठी कोणीतरी वकील हाताशी असावा लागतो, आणि त्याच्यापाशी बोललेले गावात फुटणार नाही याची खात्री असावी लागते.

गुप्ततेचा समतेशी संबंध केवळ जातीपुरता नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक कामगार आला. तो एका सरकारी कंपनीत हंगामी होता. वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची लागण निघाली आणि कामावर घेण्याच्या यादीतून त्याचे नाव खोडले गेले. अंगात काम करण्याची ताकद असताना केवळ लागणीमुळे रोजगार नाकारणे हे घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमाविरुद्ध आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. त्या निकालाचे मथळ्यातले नाव आहे 'एमएक्स विरुद्ध झेडवाय'. कामगाराला खरे नाव लपवून दावा चालवू देण्यात आला. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नाव उघड केल्याशिवाय समता मागता येणार नाही अशी अट घातली असती, तर त्याला समता मागण्यासाठीच आयुष्यभराचा बहिष्कार पत्करावा लागला असता, आणि हक्क असूनही त्याने तो मागितला नसता. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी घातली, आणि त्याच्या चौतिसाव्या कलमात टोपणनावाने, बंद दालनात कामकाज चालवण्याची तरतूद आली. समता आणि गुप्तता एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसल्या त्या अशा.

आता मूळ नियम. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२६ ते १२९ या कलमांनी संरक्षण दिले होते. १ जुलै २०२४ पासून ती जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२, १३३ आणि १३४ या कलमांनी घेतली. अशिलाने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने वकिलाला कामाच्या निमित्ताने जे सांगितले, जी कागदपत्रे दाखवली, वकिलाने जो सल्ला दिला, ते अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. वकीलपत्र संपले, फी बुडाली, भांडण होऊन वकील बदलला, तरी जुन्या वकिलाचे तोंड बंदच. वकिलाचा दुभाषी, कारकून आणि नोकर यांनाही हेच बंधन. आणि १३४ वे कलम खुद्द अशिलाला झाकते: वकिलाशी काय बोललास, हे कोर्टसुद्धा त्याच्याकडून वदवून घेऊ शकत नाही. तो स्वतःहून साक्षीला उभा राहिला तर मात्र त्याच्या साक्षीचा खुलासा होण्यापुरते, तेवढेच, विचारता येते. अपवाद दोन आहेत. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेले बोलणे झाकले जात नाही, आणि काम हाती घेतल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा लबाडी वकिलाच्या नजरेस आली तर तीही नाही. 'मी खोटा दस्त केला, माझा बचाव करा' हे झाकलेले. 'या खोट्या दस्तावर मला जमीन मिळवून द्या' हे उघडे. बार कौन्सिलचे नियमही वकिलाला हेच बंधन घालतात, आणि फी देण्याची ऐपत नसलेल्यालाही वकील मिळाला पाहिजे हे ध्यानात ठेवायला सांगतात.

हे संरक्षण जुने आहे, भक्कम आहे, आणि अलीकडे अधिक पक्के झाले आहे. २०२५ मध्ये अहमदाबादच्या एका वकिलाला त्याच्याच अशिलाच्या गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी चौकशीला बोलावले. त्याच सुमारास सक्तवसुली संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला सांगितले की अपवादात बसणारी गोष्ट असल्याशिवाय तपास अधिकाऱ्याने वकिलाला अशिलाबद्दल बोलावू नये, आणि बोलवायचेच तर त्यामागची कारणे नमूद करून अधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मान्यता घ्यावी. वकिलाचा मोबाइल किंवा संगणक हवा असेल तर तो कोर्टापुढेच हजर करायचा. हा निकाल बड्या वकिलांमुळे गाजला. पण त्याचा उपयोग सौंसरच्या वकिलाला जास्त आहे. ठाण्यातून फोन येतो, 'वकीलसाहेब, जरा येऊन जा, ती बाई तुमच्याकडे आली होती ना?' तेव्हा काय उत्तर द्यायचे हे आता त्याला ठाऊक आहे.

गोम अशी की हे सगळे कवच वकिलाला चिकटलेले आहे, आणि माणूस वकिलापर्यंत शेवटी पोचतो. त्याआधी तो कोणाकोणाशी बोलतो? आधी घरच्यांशी. मग सरपंचाशी, किंवा पक्षाच्या कार्यकर्त्याशी. मग ठाण्यात; अनुसूचित जाती-जमातीच्या तक्रारींसाठी मध्य प्रदेशात जिल्ह्याच्या ठिकाणी असणाऱ्या अजाक ठाण्यातही. मग कदाचित एखाद्या आयोगाला अर्ज. यांतल्या कोणाशीही झालेले बोलणे १३२ व्या कलमाखाली येत नाही. पोलिसांना दिलेला जबाब आरोपपत्राबरोबर आरोपीच्या हातात पडतो, आणि तसा तो पडलाच पाहिजे, कारण आपल्यावर काय आरोप आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे. अनुसूचित जाती, जमाती, महिला यांच्यासाठीचे आयोग तक्रार मिळाली की संबंधित अधिकाऱ्याकडून अहवाल मागवतात. अर्जात लिहिलेली ओळ न ओळ त्या साखळीतून फिरते. सरकारी वकीलसुद्धा पीडिताचा वकील नसतो. तो शासनाचा खटला चालवतो. त्याला सांगितलेली अडचणीची गोष्ट लपवून ठेवण्याची त्याची बांधिलकी तक्रारदाराशी नाही. म्हणूनच कायद्याने पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देण्याची मुभा दिली, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या १५-अ कलमाने वकिलाची, समाजकार्यकर्त्याची, संस्थेची मदत घेण्याचा हक्क पीडिताच्या पदरात घातला. जामिनासह प्रत्येक टप्प्यावर पीडिताला नोटीस देऊन ऐकून घ्यावे, हेही त्याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात ते बंधनकारक ठरवले. पण पीडिताच्या बाजूने बोलणारा वकील त्या दिवशी उभा नसेल, तर ती नोटीस नुसता कागद राहते.

मधल्या माणसांपैकी दोघांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. पहिला दुभाषी. कोर्टाचा कारभार हिंदीत, घरची बोली मराठी, वस्तीवर गोंडी, काही गावांत पवारी. म्हातारी आजी ठाण्यात किंवा विधी सेवा समितीच्या कार्यालयात येते ती शेजारच्या शिकलेल्या पोराला घेऊन. ती बोलते, तो सांगतो. कायद्याने झाकलेला आहे तो वकिलाचा दुभाषी; अशिलाने सोबत आणलेला शेजारी त्यात बसतो असे ठामपणे म्हणता येत नाही. त्याने वकिलाला जे सांगितले ते आजीच्या वतीने सांगितले, म्हणून वकील गप्प राहील. पोराला मात्र उद्या कोणी साक्षीला ओढले तर त्याच्यासाठी भिंत कुठे आहे? आणि कोर्ट दूरच, पारावर बसून त्याने सगळे सांगितले तर त्याला कोण अडवणार? दुसरा विधी स्वयंसेवक. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ पासून गावोगाव असे स्वयंसेवक तयार केले, २०११ च्या नियमांनी गावातली विधी सेवा केंद्रे त्यांच्यावर सोपवली. कल्पना उत्तम आहे, आणि अनेक स्वयंसेवक मनापासून काम करतात. पण स्वयंसेवक वकील नाही, आणि तो वकिलाचा कारकून किंवा नोकरही नाही. म्हणजे ज्या बाईला आपण सांगतो, 'आधी यांना भेट', त्या पहिल्याच भेटीवर कायद्याचे छत्र नाही. शासनाने मोफत मदतीचे दार मोठे केले, पण गुप्ततेचे दार १८७२ च्या मापाचेच ठेवले. २०२३ मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिताना 'वकिलाचा दुभाषी, कारकून व नोकर' या शब्दांच्या पुढे विधी सेवा संस्थेचा स्वयंसेवक जोडणे अशक्य नव्हते. ते झाले नाही, ही माझ्या मते मोठी चूक आहे.

उलट टोकाचे उदाहरण आहे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा. त्याच्या सोळाव्या कलमाने तक्रारदाराचे नाव, तक्रारीचा मजकूर, चौकशी, सगळे गुप्त ठेवले. फोडणाऱ्याला दंड सांगितला. पण त्याच कायद्याखालच्या नियमांत चौकशी करणाऱ्या समितीपुढे कोणत्याही बाजूला वकील आणता येणार नाही, असे म्हटले आहे. हेतू समजतो: कामगार बाईसमोर मालकाचा महागडा वकील उभा राहू नये. परंतु परिणाम असा की बोरगावच्या कारखान्यातली कंत्राटी मजूर बाई समितीपुढे एकटी बसते, आणि समोरचा अधिकारी आतल्या खोलीत वकिलाकडून उत्तर लिहून घेऊन येतो. नियमाने वकिलाला बंदी आहे ती समितीच्या खोलीत. खोलीबाहेर सल्ला घ्यायला, तक्रार लिहून घ्यायला, उलटतपासणीत काय विचारतील याची तयारी करायला कोणतीही बंदी नाही, आणि ते सगळे बोलणे १३२ व्या कलमाने झाकलेले आहे. ही गोष्ट तक्रारदार बाईला कोणी सांगत नाही. दहापेक्षा कमी माणसे काम करणाऱ्या ठिकाणी, म्हणजे छोट्या दुकानात, बागेत, घरकामात, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिथे तर आधी वकिलाशी बोलून जाण्याची गरज अधिकच.

या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला: फी शासन देते, मग शासनाला विचारण्याचा हक्क नको का? पॅनेलवरच्या वकिलाने कामाचा अहवाल द्यावा, त्यावर देखरेख समिती असावी, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतच आहे, आणि ते हवेच; नाहीतर मोफत वकील तारखेला येईल की नाही याची शाश्वती उरणार नाही. पण अहवाल म्हणजे तारीख, टप्पा, झालेला आदेश. अशील काय बोलला हे त्यात यायचे कारण नाही. १३२ वे कलम फी कोणी भरली हे विचारतच नाही. श्रीमंत उद्योगपतीच्या वकिलाला जे मौन बंधनकारक, तेच मोफत वकिलाला. गरिबाला मोफत सल्ला मिळाला पण गुपित राखण्याचा अधिकार मिळाला नाही, तर घटनेच्या ३९-अ कलमाने १९७६ साली दिलेल्या समान न्यायाच्या वचनाचा अर्धाच भाग त्याच्यापर्यंत पोचला असे होईल.

दुसरा आक्षेप असा की बंद दाराआड खोट्या केसेस रचल्या जातात. अत्याचाराच्या कायद्याबद्दल हे फार बोलले जाते. मला याच्या नेमके उलट दिसते. दारे बंद असतील तरच वकील खरे विचारू शकतो आणि अशील खरे सांगू शकतो. 'भांडण जमिनीचे होते, शिवी घरात दिली, बाहेरचे कोणी नव्हते' हे कळल्यावर प्रामाणिक वकील म्हणेल की हे या कलमात बसत नाही, दिवाणी दावा लाव. चारचौघांत बसून कोणी ही कबुली देणार नाही. तिथे सोबत आलेल्या मंडळींचा आवाज चढा असतो आणि केस त्यांच्या उत्साहावर उभी राहते. कमकुवत खटला दाखल होण्याआधीच थांबवण्याची जागा म्हणजे वकिलाची बंद खोली. ज्यांना खोट्या केसेसची खरोखर काळजी आहे, त्यांनी या खोलीची मागणी सर्वांत आधी करायला हवी. आणि कोणी खोटा साक्षीदार उभा करायला सांगितले, तर ते बोलणे अपवादात मोडते, झाकलेले राहत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो आपल्याच माणसांचा आहे. समतेची लढाई गुपचूप लढायची नसते, ते म्हणतात. महाडचे तळे २० मार्च १९२७ ला दिवसाढवळ्या, हजारोंच्या साक्षीने खुले झाले. अन्याय लपवला तर समाज जागा कसा होईल? हे खरे आहे, आणि महाडच त्याचे उत्तरही देते. त्याच वर्षी १२ डिसेंबरला विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. बाबासाहेब स्वतः त्यात प्रतिवादी होते आणि बॅरिस्टरही होते. मनाई हुकूम आल्यावर डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर जाण्याचा बेत त्यांनी पुढे ढकलला, आणि खटला लढून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. रस्त्यावर कधी उतरायचे आणि कोर्टात काय मांडायचे, याचा निर्णय ज्यांचा हक्क होता त्यांनी घेतला. गुप्ततेचा नियम नेमके हेच सांगतो. ती अशिलाच्या मालकीची आहे. त्याच्या स्पष्ट संमतीने ती केव्हाही सोडता येते. ज्याला पत्रकार परिषद घ्यायची त्याने खुशाल घ्यावी. पण कार्यकर्त्याने, नेत्याने, अगदी वकिलानेसुद्धा दुसऱ्याच्या अपमानाची कहाणी त्याला न विचारता व्यासपीठावर नेऊ नये. चळवळ संपल्यावर त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच शेतात मजुरीला त्या बाईलाच जायचे असते.

हेच कवच अत्याचार करणाऱ्यालाही मिळते, याची अनेकांना चीड येते. मिळते, आणि मिळालेच पाहिजे. आरोपीच्या वकिलाला आज कोणी फोडू शकले, तर उद्या पीडिताच्या वकिलाला फोडणारे हात त्याहून जवळचे आणि बळकट असतील. छोट्या गावात पोलीस, पैसा आणि पक्ष सहसा दुबळ्याच्या बाजूने नसतात.

उरतो व्यवहार. 'तालुक्याच्या कोर्टात स्वतंत्र खोली कुठून आणायची?' असे विचारले जाते. खोली नसली तर वेळ असतो: कोर्ट सुटल्यानंतरचा अर्धा तास, विधी सेवा समितीच्या कार्यालयातली दार लोटलेली सकाळ. मदतीच्या अर्जात घटनेचा तपशील कोंबण्याची गरज नाही. कोणत्या वर्गात बसतो आणि कोणत्या प्रकारची बाब आहे एवढे पहिल्या कागदाला पुरते, आणि लिहिता न येणाऱ्याचे तोंडी सांगणेही संस्थेने लिहून घ्यायचे असते. १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही आधी एवढेच सांगावे: मी स्त्री आहे, अमुक तालुक्यातली आहे, वकील हवा आहे. बाकीचे वकिलापाशी. स्थानिक वकिलाची भीड वाटत असेल, त्याची विरुद्ध पार्टीशी सोयरीक असेल, तर दुसरा वकील मागता येतो. आणि सौंसरच्या माणसाला नागपूरची वाट तर पायाखालची आहे. वकील कायद्याचे तिसावे कलम २०११ पासून अमलात आले, तेव्हापासून देशातल्या कोणत्याही राज्याच्या यादीतला वकील कोणत्याही राज्यात काम करू शकतो. सल्ला नागपूरच्या वकिलाने सीताबर्डीत बसून दिला म्हणून त्यावरचे संरक्षण कमी होत नाही. १३२ वे कलम दोन्ही राज्यांत एकच आहे. ज्या बाईला पांढुर्ण्याच्या कोर्टासमोर बसमधून उतरायचे धाडस होत नाही, तिने आधी बाजाराच्या निमित्ताने नागपूरला जाऊन, स्वतःच्या मराठीत, मध्ये दुभाषी न घेता, तो शब्द जसाच्या तसा एकदा सांगावा. तो कागदावर नीट उतरवून घ्यावा. मग ठाण्याची पायरी चढावी.